मॅकिन्टॉश प्लस आणि संथ हार्ड डिस्क : संगणक सुरू होण्याच्या प्रश्नाचा आढावा

पाठीमागच्या बाजूला स्कझी जोडणीची सोय असलेला मॅकिन्टॉश मालिकेतला पहिला संगणक म्हणजे अ‍ॅपल कंपनीने १६ जानेवारी १९८६ रोजी बाजारात आणलेला मॅकिन्टॉश प्लस. स्कझी, म्हणजेच स्मॉल कॉम्प्युटर सिस्टिम इंटरफेस, ही संगणक आणि त्याची जोडउपकरणे यांना तारांच्या एकाच सामायिक मार्गावर आणणारी पद्धत असून या मार्गाला ‘बस’ म्हणतात. तिच्यावर संगणकासह आठ उपकरणे राहू शकतात आणि प्रत्येकाला ० ते ७ यांपैकी एक क्रमांक दिलेला असतो. प्लसच्या पेटीत हार्ड डिस्कसाठी जागाच ठेवलेली नव्हती, त्यामुळे ज्याला डिस्क हवी त्याला ती स्वतंत्र पेटीत, स्वतंत्र वीजपुरवठ्यासह बाहेर जोडावी लागे. ऑक्टोबर १९९० पर्यंत विकला गेलेला हा संगणक आजही अनेक संग्राहकांकडे चालू स्थितीत आहे, आणि त्याच्याबाबत सर्वाधिक भेडसावणारी अडचण अशी की डिस्क धडधाकट असते, तिचा दिवा लागतो, मोटार फिरल्याचा आवाजही येतो, पण पडद्यावर प्रश्नचिन्ह असलेली फ्लॉपी लुकलुकत राहते आणि संगणक काही सुरू होत नाही.

या अडचणीला सरसकट ‘डिस्क संथ आहे’ असे म्हटले जाते. वस्तुतः या एका शब्दाखाली तीन वेगवेगळे दोष एकत्र कोंबले गेले आहेत. तबकड्या पूर्ण वेगाला यायला लागणारा वेळ हा पहिला, डिस्क वेगाला आल्यानंतरही संगणकाच्या पहिल्या प्रश्नाला अपेक्षित उत्तर न देणे हा दुसरा, आणि माहिती वाहून नेताना दोघांची गती न जुळणे हा तिसरा. तिघांची बाह्य लक्षणे बरीचशी सारखी असली तरी उपाय पूर्णपणे भिन्न आहेत, आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर केल्याने चाळीस वर्षांची डिस्क कायमची गमावण्याचा धोका असतो. म्हणून पेचकस हाती घेण्यापूर्वी दोष कोणता हे ठरवणे अगत्याचे ठरते.

प्लसच्या आधीचा इतिहास थोडक्यात पाहणे आवश्यक आहे, कारण पुढचे काही उपाय तिथूनच आलेले आहेत. २४ जानेवारी १९८४ रोजी सादर झालेल्या मूळ मॅकिन्टॉशमध्ये ४०० किलोबाइटची एक फ्लॉपी होती आणि हार्ड डिस्कचा विचारच केलेला नव्हता. सप्टेंबर १९८५ मध्ये अ‍ॅपलने हार्ड डिस्क २० नावाची २० मेगाबाइटची पेटी आणली, तीही फ्लॉपीसाठी असलेल्या जोडणीतूनच चालणारी. त्या वेळच्या ५१२ किलोबाइट स्मृतीच्या मॅकिन्टॉशमधील ६४ किलोबाइटच्या रॉमला, म्हणजे संगणकात कायमस्वरूपी कोरलेल्या आज्ञासंग्रहाला, या डिस्कची ओळखच नव्हती. तेव्हा आधी एका फ्लॉपीवरून संगणक सुरू करायचा, त्या फ्लॉपीवरील एका खास फाइलने रॉमला डिस्कशी बोलायला शिकवायचे आणि मग सूत्रे डिस्ककडे सोपवायची, असा मार्ग काढण्यात आला. प्लसच्या १२८ किलोबाइटच्या रॉममध्ये हे ज्ञान अंगभूतच आले. तरीही फ्लॉपीला मध्यस्थ करण्याची ती युक्ती आजच्या जतनकार्यात अत्यंत उपयोगी पडते.

प्लसला वीज दिल्यानंतर घडणाऱ्या क्रमात रॉम प्रथम स्मृतीची तपासणी करते, मग फ्लॉपी आहे का ते पाहते आणि ती नसल्यास स्कझी बसकडे वळते. संगणकाचा स्वतःचा क्रमांक ७ ठरलेला असल्याने शोध ६ पासून सुरू होऊन ० पर्यंत उतरत जातो. प्रत्येक क्रमांकाला हाक घातली जाते. त्या काळच्या स्कझी मानकाने उत्तराची वाट पाहण्यासाठी सुचवलेली मुदत २५० मिलिसेकंद, म्हणजे पाव सेकंद होती, आणि तेवढ्यात कोणी ओ दिली नाही तर ती जागा रिकामी समजली जाते. उत्तर मिळाल्यास डिस्कचा अगदी पहिला, शून्य क्रमांकाचा ५१२ बाइटचा खंड वाचला जातो, कारण डिस्क चालवणारा ड्रायव्हर डिस्कवर कुठे ठेवला आहे त्याची नोंद तिथेच असते. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे : प्लसच्या रॉममध्ये स्कझी डिस्कसाठी पूर्ण ड्रायव्हर नाही, तो डिस्कवरूनच आणावा लागतो. साहजिकच हा पहिला खंड वाचणे फसले, तर पुढचे सगळेच अडते.

आता पहिला दोष. १९८६ च्या सप्टेंबरमध्ये अ‍ॅपलने विकायला आणलेल्या हार्ड डिस्क २०एससी या पेटीत सीगेट कंपनीची एसटी-२२५एन ही सव्वापाच इंची डिस्क होती आणि तिच्या तबकड्या मिनिटाला ३,६०० फेरे घेत. स्थिर अवस्थेपासून या वेगापर्यंत पोचायला अशा डिस्कला कित्येक सेकंद लागतात, आणि वंगण घट्ट झालेल्या जुन्या मोटारीला त्याहून अधिक. तेवढ्या काळात काही डिस्का हाकेला ओच देत नाहीत. काही ओ देतात, पण ‘अद्याप सिद्ध नाही’ असे कळवतात. संगणक आणि डिस्क एकाच वेळी चालू केल्यास रॉमचा शोध डिस्कच्या तयारीआधीच तिथे पोचतो. यावरचा उपाय त्या काळच्या वापरकर्त्यांच्या अंगवळणी पडलेला होता आणि आजही तोच सर्वांत निर्धोक आहे : आधी डिस्क चालू करावी, मोटारीचा चढता आवाज एका स्वरावर स्थिरावेपर्यंत थांबावे आणि मगच संगणकाची कळ दाबावी. ते राहून गेल्यास वीज न तोडता प्लसच्या डाव्या बाजूला बसवायच्या प्लास्टिकच्या जोडकळीतील रीसेटची कळ दाबावी. डिस्कचा वीजपुरवठा वेगळा असल्याने तिचा वेग कायम राहतो आणि संगणक मात्र पहिल्यापासून शोध घेतो.

याच वर्गात मोडणारा, पण वाट पाहून कधीच न सुटणारा एक प्रकार आहे. पुष्कळ स्कझी डिस्कांवर जंपर नावाचे छोटे जोडतुकडे असतात आणि त्यांपैकी एक ‘आज्ञा मिळेपर्यंत मोटार सुरू करू नये’ किंवा ‘क्रमांकानुसार उशिरा सुरू करावी’ असे ठरवतो. अनेक डिस्का एकत्र असलेल्या मोठ्या यंत्रांत साऱ्या मोटारींचा भार वीजपुरवठ्यावर एकदम पडू नये, म्हणून केलेली ही सोय होती. अशा यंत्रातून काढलेली डिस्क प्लसला जोडली, तर ती निमूटपणे आज्ञेची वाट पाहत बसते. मोटारीचा आवाजच येत नसेल, तर डिस्क मेली असे मानण्यापूर्वी हा जंपर तपासणे इष्ट आहे.

दुसरा दोष समजायला सर्वांत अवघड आणि या संपूर्ण प्रश्नाचा गाभा आहे. स्कझी पद्धतीत एखादे उपकरण नुकतेच चालू झाले असेल किंवा बसवर रीसेटचा संकेत येऊन गेला असेल, तर त्याने पुढच्या पहिल्या आज्ञेला नकार देऊन ‘माझी स्थिती बदलली आहे, लक्ष द्यावे’ असे कळवायचे, अशी तरतूद आहे. तिला ‘युनिट अटेन्शन’ म्हणतात. तरतूद अर्थपूर्ण आहे, कारण मधल्या काळात उपकरणाच्या मांडणीत बदल झाला असेल तर संगणकाला ते कळलेच पाहिजे. एकदा हे कळवून झाले, की तीच आज्ञा दुसऱ्यांदा दिल्यावर उपकरण मुकाट्याने काम करते. म्हणजे आज्ञा पुन्हा देण्याची तयारी संगणकाकडे असणे एवढीच काय ती अपेक्षा.

प्लसच्या सुरुवातीच्या रॉमकडून ही अपेक्षा पुरी होत नव्हती. या संगणकाच्या रॉमच्या तीन आवृत्त्या निघाल्या आणि जाणकारांत त्या ‘लोनली हार्ट्स’, ‘लोनली हेफर्स’ आणि ‘लाउड हार्मोनिकाज’ या टोपणनावांनी ओळखल्या जातात. पहिलीत असा दोष होता की बाहेर जोडलेली स्कझी डिस्क बंद असेल तर संगणकच सुरू होत नसे. दुसरीत तो दुरुस्त करण्यात आला. परंतु दोन्हींत डिस्क शोधण्याच्या चक्रातच बसवर रीसेटचा संकेत पाठवण्याची आज्ञा शिरलेली होती. युनिट अटेन्शन देणारी डिस्क अशा रॉमसमोर आली की काय घडते ते पाहावे. रॉम रीसेट पाठवते, मग पहिला खंड मागते. डिस्क नियमानुसार नकार देते. रॉम ती जागा सोडून पुढे जाते आणि चक्र पूर्ण करून परत येते, मात्र येताना पुन्हा रीसेट पाठवते, त्यामुळे डिस्कला पुन्हा एकदा नकार देणे भाग पडते. म्हणजे दर फेरीला ये रे माझ्या मागल्या. डिस्क कितीही वेळ आधी चालू केलेली असो, तबकड्या कितीही वेगात फिरत असोत, हे चक्र आपोआप तुटणे शक्य नाही. तिसऱ्या आवृत्तीत अ‍ॅपलच्या अभियंत्यांनी केलेला बदल आटोपशीर आणि नेमका होता : रीसेटची आज्ञा चक्राबाहेर काढली आणि ती आरंभी एकदाच दिली जाईल असे केले. पहिल्या फेरीत मिळालेल्या नकारानंतर दुसऱ्या फेरीत तीच डिस्क विनातक्रार वाचली जाऊ लागली.

या बदलाचे मोल अनेकदा ओळखले जात नाही. प्लसची रचना झाली तेव्हा स्कझीचे मानक अंतिम स्वरूपात प्रसिद्धही झालेले नव्हते. ते १९८६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेकडून आले. मानक पाळणाऱ्या नव्या डिस्का बाजारात वाढत गेल्या, तशा जुन्या रॉमच्या अडचणी वाढल्या, आणि ग्राहकाला मात्र दोष डिस्कचा वाटत राहिला. नियमाने वागणाऱ्या डिस्कवर संथपणाचा आळ यावा, हे न्याय्य नव्हते. ज्याच्याकडे पहिल्या दोन आवृत्त्यांपैकी एखादी आहे त्याच्यापुढे दोनच सरळ मार्ग उरतात : तिसऱ्या आवृत्तीच्या रॉम चिपा मिळवून बसवणे, किंवा युनिट अटेन्शन बंद करण्याची सोय असलेली डिस्क वापरणे. चिपा खोबणीत बसवलेल्या असल्याने त्या बदलणे अवघड नाही. अवघड आहे ते संगणकाची पेटी उघडणे, कारण आतील चित्रनलिकेवर वीज काढल्यानंतरही उच्च दाबाचा भार शिल्लक असू शकतो आणि तो उतरवण्याची रीत ठाऊक नसलेल्याने तिथे हात घालू नये.

नंतरच्या मॅकिन्टॉशसाठी दिले जाणारे सल्ले प्लसला लागू पडत नाहीत, हेही येथेच नोंदवायला हवे. मार्च १९८७ मध्ये आलेल्या एसई आणि मॅकिन्टॉश २ या संगणकांत कोणत्या डिस्कवरून सुरू व्हायचे ही निवड बॅटरीवर टिकणाऱ्या छोट्या स्मृतीत साठवता येऊ लागली, आणि आतील डिस्क तयार होईपर्यंत किती सेकंद थांबायचे त्या मुदतीचीही सोय झाली. प्लसमध्ये बॅटरी आहे, पण निवडीची ही नोंद नाही. म्हणून बॅटरी बदलल्याने किंवा ती स्मृती पुसल्याने प्लसचा हा प्रश्न सुटत नाही. दोन डिस्का जोडलेल्या असतील तर ज्या डिस्कवरून सुरू व्हायचे तिला मोठा क्रमांक देणे एवढेच वापरकर्त्याच्या हाती असते.

तिसरा दोष गती न जुळण्याचा. प्लसमध्ये स्कझीचे काम एनसीआर ५३८० ही चिप पाहते, पण डिस्ककडून आलेले बाइट स्मृतीत परस्पर उतरवणारी स्वतंत्र यंत्रणा नसल्याने ७.८३३६ मेगाहर्ट्‌झच्या ६८००० प्रोसेसरला ते एकेक करून उचलावे लागतात. प्रत्येक बाइटापूर्वी ‘तयार आहे का’ असे विचारत उचलण्याची रीत सुरक्षित, पण मंद आहे. दुसऱ्या रीतीत खंडाचा पहिला बाइट आल्याची खात्री करून उरलेले न विचारता उचलले जातात. हिला अंध वहन म्हणता येईल. ही रीत वेगवान खरी, तथापि डिस्क खंडाच्या मध्येच क्षणभर थबकली तर प्लसला ते कळण्याचा मार्ग नाही आणि चुकीचे बाइट उचलले जातात. एसईपासून पुढे यासाठी आवश्यक ती हार्डवेअरची अडवणूक घालण्यात आली. म्हणून एखादी डिस्क एसईवर बिनधोक चालते आणि प्लसवर मात्र सुरू होता होता अडकते, तेव्हा ड्रायव्हर अंध वहन करत असल्याचा संशय प्रथम घ्यावा आणि प्लससाठी सुरक्षित वहन निवडू देणारा ड्रायव्हर त्या डिस्कवर चढवावा.

गतीच्या याच प्रश्नाची दुसरी बाजू म्हणजे इंटरलीव्ह, अर्थात लागोपाठ क्रमांकांचे सेक्टर तबकडीवर किती अंतराने मांडायचे याचे प्रमाण. एसटी-२२५एनच्या एका ट्रॅकवर ५१२ बाइटचे १७ सेक्टर असतात आणि मिनिटाला ३,६०० फेऱ्यांच्या वेगाने एक फेरा सुमारे १६.७ मिलिसेकंदांत पुरा होतो. एक सेक्टर उचलून प्लस पुढच्याची मागणी करेपर्यंत लगतचा सेक्टर हेडखालून निघून गेलेला असतो. सेक्टर लागोपाठ मांडलेले असतील, म्हणजे प्रमाण १:१ असेल, तर प्रत्येक सेक्टरासाठी जवळजवळ पूर्ण फेरा थांबावे लागते. १७ सेक्टर वाचायला १७ फेरे, म्हणजे सुमारे २८० मिलिसेकंद लागतात आणि वेग सेकंदाला जेमतेम ३० किलोबाइट उरतो. ३:१ या प्रमाणात मधले दोन सेक्टर सोडून तिसरा क्रमाने येत असल्याने तेच काम तीन फेऱ्यांत, ५० मिलिसेकंदांत उरकते आणि वेग सेकंदाला सुमारे १७० किलोबाइटपर्यंत जातो. प्लससाठी ३:१, एसईसाठी २:१ आणि मॅकिन्टॉश २ साठी १:१ ही प्रमाणे याच हिशेबातून ठरली. मॅकिन्टॉश २ वर फॉरमॅट केलेली जुनी डिस्क प्लसला जोडल्यावर सुरू व्हायला असह्य वेळ का लागतो, याचे उत्तर बहुधा या प्रमाणात सापडते. मात्र प्रमाण बदलायचे तर डिस्क मुळापासून फॉरमॅट करावी लागते आणि तिच्यावरील सर्व माहिती जाते, त्यामुळे प्रत काढून ठेवल्याशिवाय हा उपाय विचारातही घेऊ नये. स्वतःची पुरेशी तात्पुरती स्मृती असलेल्या नंतरच्या डिस्कांना हा हिशेब लागत नाही.

विजेच्या बाजूने उद्भवणारे बिघाडही कधी कधी संथपणासारखे दिसतात. बसच्या दोन टोकांना टर्मिनेटर, म्हणजे संकेत परतून गोंधळ होऊ नये म्हणून बसवलेले रोधांचे संच लागतात आणि त्यांना थोडी वीजही लागते. प्लस आपल्या स्कझी जोडणीतून ही वीज पुरवत नाही. ती डिस्कच्या पेटीनेच पुरवली पाहिजे. नंतरच्या मॅकिन्टॉशवर नीट चालणारी, पण टर्मिनेटरसाठी संगणकाच्या विजेवर विसंबणारी पेटी प्लसवर कधी ओ देते, कधी देत नाही, आणि अशा अनियमित वागण्याचे खापर मग मोटारीवर फुटते.

इतर घराण्यांच्या संगणकांनीही डिस्कवरून सुरू होण्याचा प्रश्न आपापल्या परीने हाताळला. आयबीएम पीसीच्या २७ ऑक्टोबर १९८२ पूर्वीच्या बायोसला जोडकार्डावरील रॉम शोधताच येत नसे, म्हणून त्यावर हार्ड डिस्कवरून सुरू होणे अशक्य होते. मार्च १९८३ च्या एक्सटीपासून ही अडचण उरली नाही. कमोडोर अमिगा ५०० साठी निघालेल्या ए५९० या बाह्य डिस्कपेटीवरून आपोआप सुरू व्हायला किकस्टार्ट १.३ ही रॉम असणे आवश्यक होते, पण त्या पेटीवर संथ डिस्कसाठी वाट पाहण्याची मुदत वाढवणारा छोटा खटका दिलेला होता. अटारीच्या टीटी आणि मेगा एसटीई यांवरील टॉस ही कार्यप्रणाली डिस्कला वेगात येऊ देण्यासाठी मुद्दाम थांबत असे. रचनाकाराने मुदत वापरकर्त्याच्या हाती दिली ती ए५९० वर, आणि या तुलनेत तोच मार्ग सर्वांत शहाणपणाचा ठरतो, कारण दहा वर्षांनंतर कोणती डिस्क जोडली जाईल हे रॉम कोरणाऱ्याला ठाऊक असूच शकत नाही.

डिस्क मुळीच सुरू होत नसेल तर फ्लॉपीची जुनी मध्यस्थी कामी येते. सिस्टिम ६ ची फ्लॉपी घालून संगणक सुरू करावा, डिस्कला हवा तेवढा वेळ द्यावा आणि मग स्कझीप्रोबसारख्या साधनाने बस पुन्हा तपासून ती डिस्क पडद्यावर आणावी. येथे रॉमच्या घाईचा संबंध उरत नाही आणि डिस्कवरील माहिती हाती येते. एवढे साधले की प्रथम प्रत काढावी, बाकीचे प्रयोग नंतर करावेत. या क्रमाचा आग्रह धरण्याचे कारण डिस्कच्या वयात आहे. जुन्या डिस्कांत हेड तबकडीच्या पृष्ठाला चिकटून बसण्याचा विकार आढळतो. क्वांटमच्या काही डिस्कांत हेडची हालचाल रोखणारे रबरी तुकडे कालांतराने चिकट लगद्यासारखे होतात. अशी डिस्क पुन्हा पुन्हा बंद-चालू करणे म्हणजे रोगापेक्षा इलाज भयंकर, कारण हेड तबकडीला घासण्याचे आणि मोटारीवर सर्वाधिक ताण येण्याचे क्षण नेमके थांबण्याचे आणि सुरू होण्याचे असतात. एकदा फिरू लागलेली डिस्क प्रत पुरी होईपर्यंत फिरतीच ठेवावी, आणि प्रत घेताना केवळ फाइली न घेता डिस्कची खंडशः संपूर्ण प्रतिमा घ्यावी, म्हणजे ड्रायव्हर आणि विभागांची नोंदही टिकते आणि तीच प्रतिमा दुसऱ्या साधनावरून संगणक सुरू करू शकते.

हे दुसरे साधन आता बहुतेक वेळा मेमरी कार्डावर चालणारे असते. स्कझी२एसडी, ब्लूस्कझी आणि झुलूस्कझी ही उपकरणे संगणकाला हार्ड डिस्क असल्यासारखीच भासतात, आणि त्यांत मोटार नसल्याने पहिला दोष उरत नाही. उरलेले दोन्ही मात्र जसेच्या तसे समोर येतात. शिवाय प्लस टर्मिनेटरची वीज देत नसल्याने त्या विजेवर चालू पाहणाऱ्या उपकरणाला वेगळा वीजपुरवठा द्यावा लागतो. कार्डावरील उपकरणाचा स्वतःचा प्रोसेसर सुरू व्हायलाही थोडा अवधी लागतो, तेव्हा संगणकाआधी त्याला वीज देण्याचा क्रम येथेही लाभदायक ठरतो. स्कझी२एसडीच्या मांडणीत युनिट अटेन्शन चालू ठेवण्याचा किंवा बंद करण्याचा पर्याय दिलेला आहे, आणि पहिल्या दोन रॉम आवृत्त्यांच्या प्लसवर तो बंद ठेवावा लागतो. स्कझीला वळसाच घालायचा असेल, तर फ्लॉपी इमू हे उपकरण १९८५ च्या हार्ड डिस्क २० चे सोंग घेऊन फ्लॉपीच्या जोडणीतून प्लसला सुरू करते. बसची निवड, रीसेटचे चक्र आणि टर्मिनेटरची वीज यांपैकी कशाचाच तिथे प्रश्न येत नाही.